निहारच्या नावाने दिलेली उत्तरं

प्रिय ताई,

आधी शिव्या घालून घे, मग पुढचं वाच. निहारच्या डॉक्टरीणबाईंना मी खोटं सांगून आलोय. थोडं नाही, भरपूर. आणि त्या खोट्यावर शनिवारी तुझ्या पोराचा आजार ठरणार आहे. फोन केला असता, पण तुझा फोन कायम सासूबाईंच्या उशाला. व्हॉइस नोट टाकली तर भावोजी ती स्पीकरवर लावणार. म्हणून हा कागद आईने दिलेल्या डिंकाच्या लाडवांच्या डब्यात, तळाच्या पेपरखाली घालतोय. तूप लागलं असेल तर सांभाळून घे. माझं अक्षर तसंही तुपाशिवाय वाचता येत नाही.

त्या दिवशी आम्ही परत आल्यावर आईने तुला फोनवर सांगितलं ते सगळं अर्धवट आहे. कृतिका टीचरचं म्हणणं तुला माहितीच आहे. निहार वर्गात असून नसतो, नाव तीनदा घ्यावं लागतं, अभ्यास सांगितला की शेजारच्याच्या वहीत डोकावतो, मधेच उठून टेबलापाशी जाऊन उभा राहतो. एडीएचडी असू शकतं, एकदा दाखवून घ्या, असं ती बोलली. तू फोनवर रडलीस, कारण बाळाचा सव्वा महिना झाला नव्हता आणि कोपरच्या त्या घरातून तुला कोणी उंबऱ्याबाहेर सोडत नव्हतं. पोर तर इथे आमच्याकडे. मग त्याला घेऊन कोण जाणार? आई आणि मी. म्हणजे एक जी परक्यासमोर नातवाबद्दल वाकडा शब्द काढणार नाही, आणि एक ज्याच्या तोंडाला झाकण नाही.

डॉक्टरीणबाई आधी आईलाच विचारत होत्या. आईचं सगळ्याला एकच उत्तर. "कायपन नाय हो, लय गुनी पोर हाय माजा. पोटभर जेवतो, देवाला नमस्कार करतो." झोप? गुनी. अभ्यास? गुनी. भांडणं? छे, गुनी. मला हसू आवरेना. शेवटी बाई माझ्याकडे वळल्या आणि बोलल्या, मामा, तुम्ही सांगा. ताई, मला आयुष्यात कोणी 'तुम्ही' बोललं नव्हतं. मी एकदम खुर्चीत ताठ बसलो.

पहिली दोन उत्तरं मी नुसती मजा म्हणून दिली. वस्तू हरवतो का? मी बोललो, विचारू नका, एका पावसाळ्यात चार छत्र्या, आणि डबा रिक्षाच्या टपावर ठेवून घरी आलेला. बाई हसल्या. मग मला चेव आला. काम अर्धवट सोडतो का? होडी रंगवायला घेतली, एक बाजू निळी केली, दुसरी अजून तशीच आहे. सात वर्षांचा पोरगा होडी रंगवतो? त्या विचारायच्या आत मीच बोललो, खेळण्यातली हो. पुढे त्यांनी विचारायला घेतलं, समोरच्याचा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत... आणि मी बोललो, हो हो, नेहमी.

मग त्यांनी साधंच विचारलं, कान तपासलेत का कधी? मी बोललो, हो, सगळं नॉर्मल आहे. का बोललो ते मला आजही माहीत नाही. बाबा होडी घेऊन धक्क्यावर वाट बघत होते, मला निघायचं होतं, आणि माझं तोंड माझ्या आधी पळतं. आईला वाटलं तूच कधीतरी तपासले असशील.

बाई चांगल्या आहेत गं. त्या बोलल्या, आज काही ठरवत नाही, शाळेशी बोलायचंय, आईला भेटायचंय. असलंच तर ती मस्ती नाही, कोणाच्या संस्कारांची चूकही नाही. मेंदूला ब्रेक लावायला थोडं जड जातं, एवढंच समजा. आधी घरच्यांना शिकवतात, एका वेळी एकच काम सांगायचं, जमलं की लगेच शाबासकी द्यायची, वर्गात पुढे बसवायचं. गरज पडली तरच गोळी, तीही वजन, नाडी, भूक सगळं बघत. एवढं नीट सांगितलं, पण आईला फक्त 'मेंदू' आणि 'गोळी' ऐकू आलं. घरी येऊन ती बाबांना बोलली, "डोक्याची गोली देनार पोराला." बाबा ताटावरून उठले. मी तेव्हाही मनात हसत होतो. मला वाटत होतं, काय भारी फिरकी घेतली.

मंगळवारी माझं हसू बंद झालं. बाबांनी चिंबोऱ्या आणलेल्या, जिवंत, नांग्या हलवणाऱ्या. निहार ओटीवर उकिडवा बसून खडूने काहीतरी काढत होता. मी पाठून हळूच गेलो आणि दबक्या आवाजात बोललो, निहार, चड्डीत चिंबोरी! आपल्या आळीतलं एकही पोर असं नाही जे यावर उडत नाही. हा खडू ओढत राहिला. मला वाटलं शहाणा झाला, भाव देत नाही. पुढे जाऊन तेवढ्याच आवाजात तेच बोललो. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. असा किंचाळून उडाला की खडू नाल्यात. मी हसलो आणि परत पाठी गेलो. आइस्क्रीम आणू का? काही नाही. तुझी आई आलीय बघ. काही नाही. ताई, मी त्याच्या मानेशी बोलत होतो.

मग एकेक आठवायला लागलं. टीव्हीचा आवाज तो वाढवतो आणि आपण ओरडतो. कोणी बोललं की डोळ्यांत नाही, ओठांकडे बघतो. पावसाळ्यापासून नाक वाहतंय, कान चोळत असतो. आपण त्याला नादिष्ट बोललो, भोळसट बोललो. मागच्या महिन्यात धक्क्यावर मी त्याला पाठून दोरी आण बोललो, तो नाही हलला, मी एक ठेवून दिली. तो रडला नाही. माझ्याकडे वळून विचारलं, "काय आनू, मामा?" तेव्हा मला ते उलट उत्तर वाटलेलं.

आता माझी फाटलीय ती याचीच. कानाचा रस्ता मीच बंद करून आलो. बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला तर त्याला लक्ष द्यायला शिकवतील, तक्ते लावतील, कदाचित गोळीही सुरू होईल, आणि तो बिचारा सगळ्यांच्या ओठांकडे बघत बसेल. एडीएचडी नाहीच असं मी बोलत नाही. मी कोण? दोन्हीही असेल. पण आधी कान बघायला पाहिजेत, आणि ते आता बाईंना कोणीतरी सांगायला पाहिजे.

तू बोलशील, मग तूच जाऊन सांग ना, आईला सांग, बाबांना सांग. रोज ठरवतो. दोनदा त्यांच्या दवाखान्याच्या खालपर्यंत गेलेलो. पण सांगितलं की पुढचा प्रश्न येणार. मग त्या छत्र्या कोणाच्या, दिपेश?

कारण त्यात खोटं काहीच नव्हतं गं. छत्र्या माझ्या, रिक्षावरचा डबा माझा. अर्धी निळी होडी आपलीच, दारात उभी आहे. बारावीच्या पेपराला मी तासाभरात उठून आलो आणि पोरांना बोललो, कंटाळा आला, टाइमपास. कंटाळा नव्हता. प्रश्नाची ओळ वाचायला घ्यायचो आणि शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात गेलेली असायची. बसवतच नव्हतं. बेंचखाली पाय असे हलत होते की पुढच्या पोरीने तक्रार केली. सगळ्यांना मी मस्तीखोर वाटतो, तेच बरं आहे. आधी हसवून ठेवलं की लोक ओरडायला विसरतात.

पण गेल्या आठवड्यात बाबा खाडीत उतरून होडीच्या पंख्यात अडकलेलं जाळं सोडवत होते. मला बोललेले, इंजिनाला हात लावू नको. ऐकलं होतं, ताई. नीट ऐकलं होतं. पलीकडून एक बोट गेली, मी तिच्याकडे बघितलं, आणि हाताने आपोआप इंजिन चालू केलं. बाबांनी हात काढला म्हणून बोटं राहिली. ते वर आले. विचारलं, "मस्करी करतस काय रं?" आणि मी बोललो, हो. हसलोसुद्धा. त्यांनी कानाखाली वाजवली ती मला बरी वाटली. खरं सांगितलं असतं की मला कळलंच नाही, तर ते परत माझ्यासोबत होडीत बसले असते का? तेव्हापासून मी इंजिनाजवळ जात नाही. काहीतरी निमित्त काढतो, पोटात दुखतंय सांगतो. किती दिवस चालणार?

गुरुवारी तुझा सव्वा महिना संपतो. शनिवारी काही झालं तरी तू स्वतः ये. बाळाला आई सांभाळेल, मी दवाखान्याच्या गेटवर थांबेन. बाईंना सांग, मामाने घाईत चुकीचं सांगितलं, कान कधीच तपासले नाहीत, आधी ते करा. माझं नाव घेतलंस तरी चालेल. मग निहारला बाहेर पाठव आणि दार लावून एक गोष्ट विचार. अठरा वर्षांच्या पोराला हे असतं का, आणि एवढ्या उशिरा दाखवलं तर चालतं का. चालतं बोलल्या तर मला फक्त "ये" एवढा मेसेज कर, मी येतो. पण ताई, हात जोडतो, तुझ्या पाया पडतो, कोणाला सांगू नकोस. भावोजींना नको, आईला नको, ती देवीला नवस बोलून सगळ्या कोलशेतला कळवेल. आणि बाबांना तर मेलीस तरी सांगू नकोस. त्यांना अजून वाटतंय मी मस्करी केली. वाटू दे.

तुझ्या शिव्यांची वाट बघणारा, तुझाच
दिपू