बोलीवरचा रुपया

१८ मार्च २००७, महाड
आज तिकिटांचा आल्बम शेवटचा चाळला. मिशनच्या बोर्डिंगमधला रविवार आठवला. मैत्रीण कुसुम आणि मी, एनॅमलच्या भांड्यात सिस्टरच्या पत्रांची पाकिटं भिजत घातलेली, सुटलेली तिकिटं खिडकीच्या काचेवर वाळत चिकटवलेली. माल्टाच्या निळ्या तिकिटावर दोघींनी एकदम हात टाकला नि ते मधोमध फाटलं. दोन्ही तुकडे शेवटच्या पानावर शेजारी शेजारी लावले. अजून तसेच आहेत. ते पान तेवढं विकायचं नाही.

बाकी सगळा आल्बम द्यायचा, हे दोघींनी मिळून ठरवलं. पोलादपूरला कुसुम मुलींचं वाचनालय चालवते, त्याचं छप्पर गळतं. पत्रे हवेत. वसू म्हणाला, "ताई, इथे बाजारात कोण विचारणार? इंटरनेटवर लिलावाला लावू." धाकटा भाऊ, स्टेशनरीचं दुकान, तिथेच कॉम्प्युटर. फोटो चढवलेसुद्धा. मुदत दहा दिवस.

२३ मार्च
दुकानात जाऊन पाहिलं. दोघंजण बोली लावताहेत. एक सांगलीचे सामंत मास्तर, निवृत्त. माल्टाची तिकिटं किती, असं विचारलंय त्यांनी. एकदम आपला माणूस वाटला. त्यांचे बाराशे झाले, दुसऱ्याने बहुधा हात टेकले.
बाराशेत अर्धंही छप्पर होणार नाही. असो.

२८ मार्च
लिलाव संपला. चार हजार दोनशे. विश्वास बसेना. मधूनच कोणी 'रायगडप्रेमी' नावाचा शिरला, मास्तरांनी त्याच्यावर चढवत नेलं आणि शेवटी मास्तरांनाच मिळाला. वसूने पेढे आणले. कुसुमला फोन केला, तर पत्रे बसवणारा सखाराम तिथेच. फोन हातात घेऊन म्हणाला, "पावसाच्या आधी टाकून देतो बाय, नायतर पुस्तकांचा लगदा हाय."

३ एप्रिल
मास्तरांचा ड्राफ्ट आला. सोबत पत्र. बायको म्हणत होती सोडून द्या, पण समोरचा वाढवत गेला तसा मीही वाढवत गेलो, पेन्शनीत भागवू, असं लिहिलंय. दोनदा वाचलं.

दुकानात जाऊन बोलींची यादी उघडून घेतली. रायगडप्रेमीचे आकडे: १३०१, १७५१, २५०१, ४१०१.
प्रत्येकावर रुपया.
वसूने जन्मात पूर्ण आकडा लिहिलेला नाही. आहेराचं पाकीट, देवळाची पावती, वर रुपया हवाच. आईची सवय. पण महाडात रुपया कोण ठेवत नाही? म्हणून वेळा पाहिल्या. दुपारी एक ते चार त्याची एकही बोली नाही, रात्रीही नाही. दुकान बंद असतं नेमका तोच वेळ.
वसू समोर बसून पावत्या फाडत होता. तशीच घरी आले.

४ एप्रिल
वसूशी बोलले. आधी हसला, मग म्हणाला सगळेच करतात, आणि मी काय माझ्या खिशात घातले का? खरंच आहे, एक पैसा घेतला नाही त्याने. तेच जास्त लागलं.
म्हटलं, "आई रुपया ठेवायची तो समोरच्याचं वाढावं म्हणून. तू कुणाचं वाढवलंस?"
उठून शटरपाशी गेला. पाठमोराच म्हणाला, "छप्पर तुमचंच गळतंय ना?"

६ एप्रिल
सकाळच्या एसटीने पोलादपूर. अर्धा आल्बम कुसुमचा, तिला न विचारता पैसे परत कसे करू? सगळं सांगितलं. ती वाचनालयाच्या दारात उभी राहून वर बघत राहिली. मुली आत मोठ्याने वाचत होत्या. मग म्हणाली, "यंदा पुस्तकं माझ्या पलंगाखाली. वसूला फार बोललीस का गो?"
बोलले असेन. सखारामला पत्रे नकोत म्हणून सांगितलं. "थांबतो मी," म्हणाला, "पाऊस थांबायचा नाय."

८ एप्रिल
मास्तरांना खरं काय ते लिहिलं, ड्राफ्ट परत करतेय, आल्बम हवा असेल तर बाराशेच पाठवा, असंही. वसूचं नाव घातलं, माझा भाऊ म्हणूनच. तीनदा फाडलं, चौथ्यांदा तेच लिहिलं. वसू आला, वाचलं. म्हणाला, "आल्बमही आधीच पाठवतेस? पैसे आलेच नाहीत तर?"
न येवोत.
मग वसू दुकानातून जाड पुठ्ठे घेऊन आला आणि पार्सल बांधून दिलं. चारही कोपरे नीट दुमडले.

९ एप्रिल
आज पोस्टात. विसरायला नको म्हणून:
आल्बम सामंत मास्तरांना. ड्राफ्ट न वटवता त्याच पार्सलात परत. बाराशेच्या पुढे एक रुपयाही घ्यायचा नाही.
त्यांचं मन उडालं असेल आणि आल्बम परत आला, तर तो वाचनालयात. कपाटात नाही, मुलींच्या हातात.
बाराशे आले तर सखारामकडे. जेवढे पत्रे होतील तेवढे, आधी पुस्तकांच्या बाजूला.
शेवटचं पान, माल्टाचे दोन्ही तुकडे, कुसुमला. वेगळे करायचे नाहीत.
तिकिटं पाहायचं भिंग वसूला. सात वर्षांचा होता तेव्हा सुट्टीभर मागत मागे फिरायचा, आम्ही दोघींनी दिलं नव्हतं.