पिंपाला भोकं पाडण्याबाबत

जळतो म्हणून नाही हो बाबा. किती वेळा सांगू? तुमची वाइन माझ्यापेक्षा गोड झाली म्हणून माझ्या पोटात दुखत नाही. पोटात दुखतं ते खरोखरचं दुखतं, आणि त्याचं कारण त्याच पिंपात आहे. फोनवर चार वेळा सांगितलं. चारही वेळा तुम्ही म्हणालात, "मरायला टेकलास तरी पिंपावरचा डोळा हलत नाही तुझा!" आणि फोन अक्काच्या हातात दिलात. कचेरीत तीस वर्षं शिपाई होतात तुम्ही. तोंडी बोलणं तुम्हाला वारा, सही-साक्षीचा कागद आला की मात्र चष्मा शोधता. म्हणून हा कागद.

तर मी, खाली सही करणार, वय वर्षे सव्वीस, शिक्षण चौथी (पाचवीत तुम्ही घातलं नाहीत, ते असो), काम जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणे, असं लिहून ठेवतो की माझी मूत्रपिंडं गेली आहेत, डोकं गेलेलं नाही. कोणी धमकावलं नाही. कोणी पाजून लिहून घेतलं नाही, प्यायचं मी अडीच महिन्यांपूर्वीच सोडलंय. उजवं मनगट उचलत नाही, नुसतं लोंबतं, म्हणून डाव्या हाताने लिहितोय. लिहायला घेतल्याचा आज आठवा दिवस. अक्षराला हसू नका.

पहिलं, घर. त्यात माझा वाटा निघत असेल तर तो माझी मोठी बहीण अक्का हिचा. सात नोकऱ्या सोडल्या म्हणून तुम्ही मला पळपुट्या म्हणायचात. ह्या आठव्या नोकरीत पाच वर्षं टिकून दाखवलं. नेमकी हीच सोडायला हवी होती.

दुसरं, मालक. त्यांना माझा तोंडावर बांधायचा फडका द्यावा. मास्क मागितला तेव्हा म्हणाले होते, "ओलं फडकं बांध की, आम्ही काय मेलो?" ते भट्टीच्या दारापर्यंतच येतात. फडका धुवायचा नाही, आहे तसाच द्यायचा.

तिसरं. काचेच्या सहा बरण्या, नळी, गाळणं आणि वजनकाटा माझ्या खोलीतल्या न्हाव्याला. भाजीबाजारातून फेकलेली वाटाण्याची टरफलं मी पहिल्यांदा गोणीभर आणली तेव्हा हाच म्हणाला होता, "बकरी कुठे बांधलीयस?" महिन्याभराने पेला पुढे करून तोच रांगेत पहिला. त्याने वाइन जरूर करावी. टरफलं उकळून गाळायची, साखर, लिंबू, कपभर कडक कोरा चहा, यीस्ट. घेवड्याच्या शेंगांचीही जमते. मसुराची करू नये, मोज्यांचा वास येतो. पण करायची ती काचेत. न्हावीदादा, दुसऱ्या कशात केलीस तर माझं भूत तुझ्याकडे फुकट दाढी करून घ्यायला रोज येईल.

चौथं, पिंप. हे नीट वाचा बाबा, पुन्हा वाचा, आणि अक्काला मोठ्याने वाचून दाखवा.

लाकडी पिंप गळायचं. लोखंडी गंजायचं. शिसं गळत नाही, गंजत नाही, हातोडीने हवं तसं वाकतं. म्हणून मी लाकडाला आतून शिशाचा पत्रा ठोकला. फार अक्कल लढवली असं वाटलं होतं. तशी दोन केली. एक इथे ठेवलं, दुसरं मागच्या वर्षी ट्रकवाल्याबरोबर, वाइनची कृती लिहून, तुम्हाला पाठवलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय पितोस?" मी म्हटलं, "वाटाणा." त्यांना वाटलं, मी वातात बरळतोय. मग तोंड उघडायला लावून हिरड्या बघितल्या. दातांच्या मुळाशी निळी रेघ. कारखान्याच्या धुराने काय व्हायचं ते होतच होतं, पण वर मी रोज रात्री शिसं प्यायलो. वाइन आंबट असते, आंबट रस शिशाला खातो. आणि त्यात उतरलेलं शिसं गोड लागतं.

मी साखर निम्मीच घालायचो, तरी गोड व्हायची. लोक विचारायचे, मी म्हणायचो गुपित आहे. मी पाठवलेली पहिली बाटली पिऊन तुम्ही अक्काला म्हणालात, "पोराच्या हाताला चव आहे." तिने ते मला फोनवर सांगितलं. सव्वीस वर्षांत माझ्याबद्दल तुम्ही बोललेलं ते एकच चांगलं वाक्य. ते मी ह्या कागदाने परत करतो. चव माझ्या हाताला नव्हती. तुमच्याही हाताला नाही. तुमची जास्त गोड झाली कारण ती पिंपात जास्त दिवस राहिली, बस.

तेव्हा ती सगळी मोरीत ओता. अक्का, "पाहुण्यांसाठी एक बाटली राहू दे" चालणार नाही. आणि ढवळताना चाखतेस ना तू? तेही पिणंच आहे. पिंपाच्या बुडाला इथल्यासारखीच भोकं पाडा, म्हणजे कोणी पाणीसुद्धा भरणार नाही. जाळू नका, धूर वाईट. भोकं न पाडता भंगारात देऊ नका, कोणीतरी घरी नेईल. हा कागद खोटा वाटला तर खुशाल कोर्टात जा, पण भोकं पाडून मग जा.

पाचवं. मला इथेच उरकावं. न्यायला येऊ नका, त्या भाड्याचं काम दुसरं आहे, खाली लिहिलंय.

माझ्यासमोर सही झाली: खोलीतला न्हावी.
माझ्यासमोर सही झाली: कारखान्याची स्वयंपाकीण. (अंगठा)

सही: पळपुट्या, डाव्या हाताने.
ठिकाण: कारखान्यामागची खोली, दुसरा मजला. तारीख: सोळा फेब्रुवारी.

सोबत तुम्हा दोघांच्या रक्ततपासणीचे आणि मोठ्या दवाखान्यात जायच्या-यायच्या भाड्याचे पैसे आहेत. "शिसं तपासा" असं स्पष्ट म्हणा, नुसतं रक्त म्हणालात तर भलतंच तपासतील. पैसे उसने नाहीत, माझ्या पुढच्या दोन डायलिसिसचे आहेत. मी त्या रद्द केल्या आहेत, त्यामुळे परत पाठवून उपयोग नाही. मोजून घ्या: तीन हजार दोनशे, अक्षरी तीन हजार दोनशे फक्त.