मुनिबाच्या जागेवर शाहबाजभाई

प्रति,
मा. कार्यवाह,
शनिवार मराठी बालवर्ग समिती, दुबई

विषय : लॉगिनच्या सदोष नोंदीमुळे माझ्या मुलीचा प्रवेश शेजाऱ्यास दिल्याबाबत.
संदर्भ : समितीने शाहबाजभाईंना पाठवलेले माफीपत्र.

महोदय,

१. मी इंटरनॅशनल सिटीत सहकुटुंब राहतो. फ्लॅटच्या दुसऱ्या खोलीत लखनौचे शाहबाजभाई राहतात. वायफाय एकच. मुलगी मुनिबा, वय आठ, हिचा अर्ज मी आपल्या पोर्टलवर भरत असताना शाहबाजभाईंनी त्याच पोर्टलवर चालणाऱ्या शारजाच्या कारपूलमध्ये, म्हणजे वाटून घ्यायच्या गाडीत, जागा धरायला लॉगिन केले. अर्ज त्यांच्या नावे गेला आणि बालवर्गातली शेवटची जागा त्यांना मिळाली.

२. मी वेबसाइट बनवण्याचेच काम करतो, म्हणून ठामपणे लिहितो. कोण आत आले आहे याची नोंद, म्हणजे सेशन, आपण सर्व्हरवरच्या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवता. त्यात काही गैर नाही; एका फाईलचा हलका डेटाबेस आपल्याला पुरून उरेल. पण प्रत्येक ब्राउझरला स्वतंत्र गुप्त क्रमांक देण्याऐवजी आपण इंटरनेट जोडणीवरून माणूस ओळखता. म्हणजे एका वायफायवरची सगळी माणसे एकच, आणि शेवटी आला तो खरा! इथे किती लोक खोल्या वाटून राहतात, हे समितीला ठाऊक नाही काय?

३. मी पोर्टलवर तक्रार केली. तीही शाहबाजभाईंच्या नावे जमा झाली व समितीने त्यांची माफी मागितली. आपले तंत्रप्रमुख सिद्धांत फोनवर म्हणतात, "हबीबी, सिस्टीममध्ये तुमची कम्प्लेंटच दिसत नाही." दुरुस्ती मी फुकट करून देतो म्हटले, तर "लॉगिन करून प्रपोजल टाका." डोके फिरणार नाही तर काय होईल?

४. शाहबाजभाई सज्जन आहेत. जागा सोडायला ते मुनिबाला घेऊन वर्गात गेले. वर्गशिक्षिका साधनाबाईंनी हजेरीत नाव पाहून त्यांनाच पहिल्या बाकावर बसवले आणि मुलीला दारातून परत पाठवले. आता दर शनिवारी न गेल्यास गैरहजेरीचा मेल येतो, म्हणून ते बिचारे जातात.

५. माझी आई हव्वाबी दापोलीला असते. ती फोनवर नातीला काही विचारते, नात इंग्रजीत उत्तर देते आणि आई फोन माझ्याकडे द्यायला सांगते. प्रवेश एवढ्यासाठीच हवा होता. परवा फोनवर शाहबाजभाईंनी आईला वर्गात शिकलेल्या मराठीत विचारले, "आजी, जेवलात का?" आई रडली. मला म्हणाली, "मुनिबा मला असं कधी विचारेल?"

याचे उत्तर आपणच तिला द्यावे.

अजून तरी नम्र,
इद्रीस मुकादम
दि. १३ ऑक्टोबर २०२५

सोबत : आईचा फोन नंबर.