जीपला लॉकर बसेपर्यंत

१७ मे, शुक्रवार
मामांना डायलिसिसला नेऊन आणलं. येताना मान टाकून बसले होते, तरी मी गिअर टाकला की चुकचुकायचं सुटत नाही. सासरे आहेत म्हणून ऐकून घेते.
डॉक्टरीणबाई आज स्पष्टच बोलल्या. गेल्या पावसाळ्यासारख्या दांड्या यंदा चालणार नाहीत. जमत नसेल तर यांना शहरात ठेवा.
शहरात म्हणजे ह्यांच्या फ्लॅटवर, तिसऱ्या मजल्यावर. हे शेंद्र्याला कंपनीत, आठवडाभर तिथंच असतात. मामा म्हणतात, शेत सोडून यायचो नाय. म्हणजे आपल्या वस्तीपासून डांबरीपर्यंतचा ओढा आणि ती काळी माती पावसात पार झाली पाहिजे. बाकी बोलणं वायफळ.

१९ मे, रविवार
गेल्या साली जीप ओढ्यात रुतली होती. फोर व्हील टाकलेलं, तरी मागचं एक चाक गरगरा आणि दुसरं ढिम्म. शेजारच्या कचरूभाऊंना विचारलं, असं का?
"वहिनी, ट्रॅक्टरला कसं, खालचं पायडल दाबलं की दोन्ही चाकं एक होतात, बरोबर फिरतात. जीपला तेच बसवा. लॉकर म्हणतात त्याला."
मग ट्रॅक्टरनंच न्या की, असंही म्हणाले. तेव्हा एकदा आणलं होतं. घरी येईस्तोवर मामा पांढरेफटक. पुन्हा नाव नाही काढायचं.

२४ मे, शुक्रवार
डायलिसिस चालू असताना शहागंजात रशीदभाईंच्या गॅरेजला जाऊन आले. मामांचे जुने दोस्त. चहा पाजला, मग म्हणाले, "भाभी, दो रास्ते हैं. एक आपोआपवाला. बसवला की विसरा. चाकं बांधलेलीच, वळणावर तेवढा स्वतः सुटतो. दुसरा हवेवरचा. छोटा कंप्रेसर, वर एक बटन. पाहिजे तेव्हा लॉक, नको तेव्हा गाडी जशीच्या तशी."
मला पहिला बरा वाटला. बटनं कशाला, आधीच दोन हात कमी पडतात.

३० मे
देवगावचा वेल्डर घरी येऊन शहाणपणा सांगून गेला. लॉकर न् फॉकर काय करता, मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलच्या आत वेल्डिंग मारून देतो, दोन्ही चाकं कायमची एक!
मामा एवढे हसले की ठसका लागला. "अरे बाबा, डांबरीवर वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं. दोन्ही बांधून टाकलीस तर अ‍ॅक्सल तुटंल, नायतर टायर खाईल."
किती दिवसांनी असे बोलले. बरं वाटलं.

४ जून, मंगळवार
रशीदभाईंनी एका गिऱ्हाइकाची आपोआपवाली गाडी चालवून बघायला दिली. वळणावर मागून खटाक! खटाक! आणि वळण सुटताना कुणी ढकलल्यासारखं. घाबरले, खोटं कशाला लिहू. पण सवय झाली असती.
मामा म्हणाले, "नको. ओल्या डांबरीवर दगा देईल. तुला आवरायची नाय, सुमन."
मग हवेवरचा?
"बघू."

८ जून
हवेवरच्यातही खोट काढून झाली. पाईप उंदीर कुरतडतील. कंप्रेसर बंद पडला तर काय करशील. मग तारेनं ओढायचा एक असतो, तर त्याची तार गंजते. पुढच्या चाकांना बसवावा का मागच्या, ह्यावर अख्खी संध्याकाळ. अद्रकाची लागण तोंडावर, बायका मिळेनात, आणि मी प्रवचन ऐकत बसलेय. शेवटी वैतागून म्हणलं, "मामा, लॉकर बघताय का पोरीला स्थळ?"
एरवी हसले असते. आज नाही.
रशीदभाईंना फोन केला. हवेवरचा मागवा, मागच्या अ‍ॅक्सलला. जबाबदारी माझी.

१३ जून
माल आला का विचारलं तर रशीदभाई आधी पावसापाण्याचंच बोलले. मग म्हणे, "बुरा मत मानो भाभी. मामांचा फोन आलता. थांबवा म्हणाले. बारिश के बाद देखेंगे."
पावसानंतर! डोकंच फिरलं माझं. ओट्यावर जाऊन सरळ विचारलं. नाकबूल नाही झाले.
"केला फोन. ओढा भरला की मला कोणी काय म्हणत नाय. एरवी नको म्हणलं की तुझा नवरा रडतो."
मला आधी कळेचना. म्हणजे उंदीर, तार, कंप्रेसर, सगळं...
"गेल्या साली ओढ्यानं अडवलं, ते आठ दिवस लई बरं वाटलं."
"बरं? पाय सुजले होते तुमचे. आडवं पडता येत नव्हतं!"
"व्हय. पण सुया नव्हत्या."
आत आले. भाकरी थापता थापता रडले. मग राग आला. पीठभरल्या हातानं परत बाहेर गेले आणि मी म्हणलं, "नको असंल तर नको म्हणा. माझ्या तोंडावर म्हणा. ओढ्याआड लपू नका."
मग म्हणाले, "गाडी तयार कर. मग सांगतो."
रशीदभाईंना पुन्हा फोन. मागवा.

१५ जून
ह्यांना अजून काही सांगितलं नाही. सांगितलं तर येतील, पाया पडतील, आणि उचलून फ्लॅटवर नेतील. पण त्यांचे वडील आहेत, मी लपवणारी कोण? दोन्ही बाजूंनी मीच वाईट.
मला मामा पाहिजेत, एवढं साधं आहे. लग्न होऊन आले तेव्हा सगळं घर नको नको करत असताना ह्या माणसानं मला जीप शिकवायला स्टेअरिंगवर बसवलं. बांध मोडला तरी ओरडले नाहीत. आता सुया त्यांच्याऐवजी मला टोचून घेता येत नाहीत, आणि त्यांनी किती टोचून घ्यायच्या ते तरी मी कसं ठरवू?

२३ जून, रविवार
लॉकर बसून जीप घरी आली. इकडं पाऊस दडी मारून बसलेला, म्हणून कचरूभाऊंनी मोटर लावून ओढ्याच्या उतारावर पाणी सोडलं. नकली चिखल! वस्तीवरचे सगळे बघायला.
आधी बटन न दाबता घातली. फसली. मामा काठी टेकत कडेला आले आणि ओरडायलाच लागले, "थांब! रेस सोड! आधी दाब, मग हळू... हळूऽ गं!"
दाबलं. खालून टक् झालं आणि जीप निवांत वर आली. मामांनी कचरूभाऊंच्या पाठीत असली थाप मारली! तेवढा वेळ त्यांना काहीच झालेलं नव्हतं.
मग जीपकडं बघत राहिले आणि तोंड उतरलं. माझंही. आता अडवायला काही उरलं नाही.

२८ जून, शुक्रवार
कालपासून पाऊस. ओढ्याला पाणी थोडं, पण चिखल पोटरीभर. जीप जाईल, मला खात्री आहे.
सकाळी चहा देताना म्हणलं, "मामा, काय ठरवलं?"
"गाडी काढ आधी."
काढली. गाडीतच बसून लिहितेय, इंजिन चालू आहे. ह्यांचा फोन येऊन गेला. निघालात का? मी म्हणून बसले, "ओढ्याला पाणी आहे हो, बघते." अगं बाई, हे मी काय बोलले!
मामा ओट्यावर बसलेत. एका पायात बूट घातलाय, दुसरा हातात धरलाय. उशीर होतोय. मी हॉर्न वाजवणार नाही.