साहेबाला दाखवलेलं पाणी

ता. २४ मार्च १९३१

आज चावडीवर ओव्हरसियर लीलाधरपंत येऊन गेले. धुळ्याला प्यायचं पाणी पुरत नाही, म्हणून सरकार धरण बांधणार. जागा दोन काढल्यात — एक आमच्या नदीवर, दुसरी पलीकडच्या नाल्यावर. मोठा इंजिनेर साहेब दोन्ही बघून ठरवणार. इथं ठरलं की आमचं गाव, मळे, मारुतीचं देऊळ, सगळं पाण्याखाली.

वर पंत म्हणतात कसे, "तुमचा बंधारा म्हातारा झाला. त्याच्यात आता दम नाही. उन्हाळ्यात तुम्हालाच पाणी पुरत नाही. धरणानं तुमचंही भलंच होईल." काय तोंड तरी! भलं कुणाचं, बुडालेल्यांचं? शहराला पाणी पाहिजे तर तिथं विहिरी खणा, जुन्या तळ्यातला गाळ उपसा. अर्जात हे सगळं घातलं. मजकूर माझा, सही पाटील म्हणून ह्यांची. नेहमीचंच.

ता. २६ मार्च

म्हातारा म्हणे. अजून डोकं तापलेलं आहे. ह्यांच्या पणजोबांच्या आधीपासून त्या बंधाऱ्यावर आमचा फड भिजतो. फड म्हणजे साऱ्या गावाची जमीन एका पाटावर, प्रत्येकाची पाण्याची बारी ठरलेली. भांडणं होतात, पण ती आमची आमच्यात.

ता. २९ मार्च

सुचलं!

साहेब आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी येणार. तोवर नदी बारीक होते, खोटं कशाला बोलू. पण वरच्या दोन गावांनी आपापल्या बंधाऱ्यांत पाणी कोंडून धरलं, आम्ही आमचे पाट बंद ठेवले, आणि साहेब यायच्या दिवशी पहाटे सगळं सोडलं तर? बघू दे त्याला म्हाताऱ्याचा दम. इथं धरणाची गरजच काय, हे त्याच्याच तोंडून वदवून घेऊ.

ह्यांना सांगितलं. आधी हसले, मग हसायचे थांबले. "तू वकील व्हायला पाहिजे होतीस," म्हणाले. मला माहीत आहे.

ता. ५ एप्रिल

वरची दोन्ही गावं कबूल. बुडायचं भय त्यांनाही आहेच. पाटकरी कौतिक तेवढा कुरकुरला. कुणाच्या वावरात पाणी किती वेळ, हे तोच बघतो. "अक्का, बारी मोडनी ते लोके मन्हा गळा धरतीन." म्हटलं, लोकांचं मी बघते, तू पाटाचं बघ.

ता. ८ एप्रिल

बायकांना देवळात बोलावलं. स्पष्ट सांगितलं — साहेब जाईपर्यंत कुणाच्याच पिकाला थेंब मिळणार नाही, आमच्याही नाही. भागाबाईचा ऊस पाटाच्या शेवटाला, आधीच तहानलेला. नवरा नाही, त्या उसावरच घर. मला वाटलं, हीच अडेल. तर तीच आधी उठली. "जळी ग्या ते जळी ग्या. पुढला साल लावसू. गाव ते ऱ्हावाले पाह्यजे."

तिचा हात धरला तो सोडवेना. मग बाकीच्याही एकेक करून कबूल झाल्या.

ता. १३ एप्रिल

भागाबाईचा ऊस गेला. बघायला गेले तर तिनंच मला ताक प्यायला लावलं.

ता. १६ एप्रिल

जिंकलो! पाट तुडुंब. बंधाऱ्यावरून पाणी कोसळतंय, अन् साहेब टोपी हातात घेऊन नुसता उभा. उन्हानं लालबुंद झालेला. काठी बुडवून खोली मोजली, पुन्हा मोजली, कौतिकच्या पाठीवर थाप मारली. लीलाधरपंतांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी मुद्दाम विचारलं, "काय पंत, दम आहे ना?" "आहे हो वहिनी," म्हणाले.

जेवायला खापरावरचे मांडे केले होते. साहेब पोटभर जेवला. घोड्यावर बसताना मोडक्या मराठीत म्हणाला, "उत्तम नदी. फार उत्तम." ह्यांनी त्याला हार घातला. माझ्याच हातानं ओवलेला.

ता. २० एप्रिल, आखाजी

बेबा सासरहून आली आहे. लिंबाला झोका बांधलाय, पोरी गौराईची गाणी म्हणताहेत. मीही बसले झोक्यावर, ह्या वयात. बेबा म्हणाली, "आई, पडशील." पडले नाही. कौतिकनं साहेब गेल्याबरोबर बारी पुन्हा सुरू केली, त्यामुळे लोकही खुशीत आहेत.

ता. २ मे

नदी पुन्हा बारीक. असू दे. दरसालचंच आहे.

ता. ११ जून

लीलाधरपंत येऊन गेले. पलीकडचा नाला उन्हाळ्यात कोरडा, म्हणून साहेबानं तो सोडला. ऐन चैत्रात एवढं पाणी वाहणारी नदी त्यानं जिल्ह्यात दुसरी पाहिली नाही म्हणे. धरण इथंच.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. युक्ती माझी होती. चावडीवर लोक जमलेत. त्यांना मीच सांगणार आहे.