मुक्ताबाईची वाक्संपदा

सोलापूर,
३ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस,
अंकिताचा सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र पाठवतेय, कारण हे रेश्मावहिनीनं तुला सावकाश वाचून दाखवावं असं आहे. आमच्या ग्रंथसंग्रहालयात जुन्या कागदांची यादी करायचं काम माझ्याकडं आहे, ते तुला ठाऊकच आहे. गेल्या आठवड्यात नातेपुत्याच्या वेणीमाधव मास्तरांचं गाठोडं सोडलं. लिहिता न येणाऱ्या बायकांची पत्रं ते लिहून द्यायचे आणि प्रत्येकाची नक्कल वहीत ठेवायचे. त्यात तू आजोबांना कोयनेच्या धरणावर पाठवलेली तीन पत्रं निघाली, १९६३ सालची! ‘चंद्रावाचून रजनी, तशी मी आपणावाचून. आपल्या चरणकमलांकडे डोळे लावून बसले आहे.’ आजी, मी कपाटाआड जाऊन हसले. तू आणि चरणकमल?

आमच्या साहेबांना मात्र ती इतकी आवडलीत की तुझ्या नावानं छापायची म्हणतात. संमतीचा कागद सोबत आहे, अंगठा चालेल. गुडघ्याला तेल लावतेस ना? रागावू नकोस, म्हणजे थोडंच रागाव.

तुझी,
अंकिता

नातेपुते,
९ फेब्रुवारी

चि. अंकिता हिला आजीचा आशीर्वाद. वि. वि.

पत्र रेश्मानं वाचलं. तिला बजावलंय, मी बोलते तसंच लिही, मधी साखर घालायची न्हाय. (तसंच लिहितेय, अंकिता. देवाशपथ. – रेश्मावहिनी)

चरणकमल कुणाचं गं? तुज्या आजोबाच्या पायाला असल्या भेगा व्हत्या की जवारी पेरली असती तर उगवली असती. मी त्यातलं एक अक्षर बोलले न्हाय. दोन महिन्यांत येतो म्हणून गेल्याला माणूस दीड वरीस तितंच. मी मास्तरांच्या वट्यावर बसून सांगितलं, म्हस डबक्यात बसल्यावाणी बसलाय तुमी. पायाला मुळं फुटली असतील तर कळवा, पाणी घालायला येते. मास्तर मान खाली घालून लिवायचे. मधीच म्हणायचे, जरा सावकाश बोला, मुक्ताबाई. मला वाटायचं, काय गुणाचा माणूस, माजी एक शिवी गाळत न्हाय. वाचून दावा म्हणलं की घसा बसलाय म्हणायचे. तिन्ही खेपंला घसा बसल्याला!

आन् तिसऱ्या पत्रावर तुजे आजोबा आले. काम टाकून आले, ते परत गेलेच न्हाईत. तवापासनं मी गावातल्या पोरींना सांगत आले की नवरा लांब बसला तर रडू नका, झाडा. माजा झाडण्यानं आला. आता तू म्हणतीस, ते चंद्रावर आन् रजनीवर आले. मग पंचेचाळीस वरसं संसार कुणाशी केला त्येंनी? माज्याशी का मास्तरच्या रजनीशी?

हसू नकोस. दोन दिस भाकर गोड लागंना झालीया. गाठोडं समदं उपस आन् ते कुणासाठी आले ते बघ. तवर अंगठा न्हाय. साहेबाला म्हणावं, म्हातारीच्या नावावर दुसऱ्याचा गूळ इकू नका.

जीव लावतीस तसाच लावत ऱ्हा, पण कामात कुचराई नको.

तुजी आजी,
मुक्ताबाई

सोलापूर,
१७ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

गाठोडं तळापर्यंत उपसलं. दोन वस्तू मिळाल्या.

पहिली म्हणजे मास्तरांचा कधीच न छापलेला ग्रंथ, ‘माळशिरस तालुक्यातील स्त्रियांची वाक्संपदा’. तीनशे पानं! प्रत्येक बोलापुढं अर्थ, टीप आणि सांगणाऱ्या बाईचं नाव. आजी, एकशे बारा बोलांपैकी नव्वद तुझे आहेत. पत्रात त्यांनी चंद्र लिहिला, पण तुझा शब्द एकही वाया घालवला नाही. तुझी म्हैस सत्तेचाळिसाव्या पानावर आहे. खाली टीप: ‘पतीस उद्देशून. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत.’ साहेब आता पत्रं विसरले, हा ग्रंथच छापायचा म्हणतात.

दुसरी वस्तू म्हणजे आजोबांनी स्वतः मास्तरांना पाठवलेलं एक पत्र. चौथी शिकलेल्या माणसाचं जाड अक्षर. जसंच्या तसं उतरवते: ‘मास्तरांस मानसिंगचा नमस्कार. मंडळीची तीन पत्रं पोचली. पत्रं लई चांगली, पण ही आमची मंडळी नव्हं. ती इतकं गोड बोलायला लागली म्हणजे तिच्या जिवाचं काही खरं न्हाई, आणि तुम्ही ते माझ्यापासनं लपवताय. काम सोडून निघालो.’

आजी, आता जेव.

तुझी,
अंकिता

नातेपुते,
२३ फेब्रुवारी

चि. अंकिता हिला आजीचे आशीर्वाद, जितके ह्या कागदावर मावतील तितके.

रेश्माकडनं ते पत्र चारदा वाचून घेतलं. पाचव्यांदा तिचा घसा बसला. अंगठा उठवून कागद सोबत धाडलाय. ग्रंथ छापा. म्हस पुढच्या पानावर घ्या म्हणावं, सत्तेचाळिसाव्या पानापतोर कोण वाचतंय? आन् मास्तरला मी माफ केलं. अर्धंच.

आता तुला सांगते, कुणाला सांगितलं न्हाय ते. तुजे आजोबा दुपारच्या मोटारीनं आले. मी दारात मिरच्या कांडत व्हते. सरळ आले आन् माज्या कपाळाला हात लावला. मी म्हणलं, धरणानं हाकलून दिलं काय? आन् वळकटी कुटं इसरलाय? नुसता मोकळा आलाय, वळू आल्यावाणी! तर हा माणूस उंबऱ्यावर बसला आन् हसायला लागला. डोळ्यांतनं पाणी येईस्तवर हसला. आमच्या सासूबाईंला वाटलं, धरणावर काहीबाही लागलं. त्येंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मलाबी तसंच वाटलं, ते आतापतोर.

हसू थांबल्यावर मला म्हणले, थांबलीस का, आजून बोल की.

मी बोललेच मग. पंचेचाळीस वरसं.

हाय तेवढी माया जपून वापर, उन्हात फिरू नकोस.

तुजी आजी,
मुक्ताबाई