पानं झोपल्यावरची ओल

दि. २ मार्च

चि. ठिणगी हिस,

अ. उ. आ.

तुझ्या दुकानातले बिघडलेले फ्रीज तुला हे पत्र वाचण्यापुरती सवड देवोत. बाइंडिंगची खोली तू आता ओळखणार नाहीस. पुठ्ठे आणि खळीचे डबे होते तिथे चार मजली मांडण्या, वर दिवे, खाली लेट्यूसची रोपं. सकाळी सहाला बटण दाबलं की खोली हिरवीगार उजळते आणि हात आपोआप जोडले जातात. तीस वर्षं कागदाला ओल लागू नये म्हणून जपलं, आता स्वतःच ओल पिकवतोय!

पण मागच्या खेपेला पानांच्या बुडाशी करडी बुरशी निघाली. हॉस्पिटलचं कँटीन चालवणाऱ्या बाईंनी पेटी उघडली, वास घेतला आणि तशीच परत केली. चोवीस तारखेला त्या स्वतः खोली पाहायला येणार आहेत. पसंत पडली तर रोज तीस गड्डे. नाही पडली, तर तुझी वहिनी खोली शिंप्याला भाड्याने देणार. तो दोनदा माप घेऊन गेलाय, खोलीचं.

म्हणून हवेतली ओल ओढणारं मशीन घ्यायचं ठरवलंय. डीह्युमिडिफायर म्हणतात त्याला. दुकानात एक पाहिलं. छोटं, पांढरं, फार देखणं. दिवसाला वीस लिटर पाणी ओढतं, ते पुढच्या भांड्यात साठतं. तसं माझं ओल मोजायचं घड्याळ छप्पन्न टक्केच दाखवतं. घेऊन टाकू का?

लोभ कमी करू नकोस, रागावलीस तरी.

तुझा दादा


दि. ६ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि.

मशीन घ्यायचंय की सून आणायचीय? देखणं म्हणे! मुळीच घेऊ नकोस.

रोज रोपांना किती पाणी घालतोस आणि किती निथळून परत येतं, ते आधी मोज. मधल्या फरकाचं पाणी झाडं पितात आणि जवळजवळ सगळं पानांतून हवेत सोडतात. तेवढं मशीनला ओढता आलं पाहिजे. खोक्यावरचे वीस लिटर कोंदट, तापलेल्या खोलीतले असतात. तुझ्या गार खोलीत निम्मे धर.

आणि छप्पन्न टक्क्यांत अशी बुरशी माजत नाही रे. घड्याळ तू पाहतोस तरी कधी? बाबांचा नियम अजून पाळत असशील. दिवस मावळला की झाडाला हात लावायचा नाही, त्याला झोपू द्यायचं. मीही त्याच घरात वाढले. नियम मोड असं सांगून उपयोग नाही, म्हणून सोबत दुसरं घड्याळ पाठवतेय. दिवसरात्रीतला सर्वांत मोठा आकडा ते लक्षात ठेवतं. आत ठेव, दार लाव, सकाळी वाच.

वहिनीला सांग, शिंप्याला थोडं थांबव. माया असू दे.

तुझी ठिणगी


दि. १० मार्च

चि. ठिणगी हिस,

अ. उ. आ.

अठ्ठ्याण्णव! तीनदा चष्मा पुसून वाचलं. घड्याळ मी जेवण झाल्यावर, भर दुपारी पाहायचो, दिवे तापलेले असताना. दिवे मालवले की खोली गार होते आणि सगळी ओल पानांवर उतरते. खरं सांगू? पहाटे पानांवर थेंब दिसायचे, ते मी दंव समजायचो आणि देवाचे आभार मानायचो! छपराखाली दंव कुठून येणार, हे पन्नाशीला टेकलेल्या माणसाला कळलं नाही. हसून घे, पण वहिनीला लिहू नकोस.

पाणी घालतो अठरा लिटर, परत येतं तीन. आता तूच निवड. चौदा दिवस उरलेत.

मनापासून वाट पाहणारा,
दादा


दि. १३ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि.

हसले. दुकानातल्या गिऱ्हाइकालाही सांगितलं, तोही हसला.

मशीन आजच गाडीने पाठवलंय. पस्तीस लिटरचं, निम्मे धरले तरी तुझे पंधरा ओढेल. दिसायला ट्रंकेसारखं, म्हणून तुला आवडणार नाही. भांड्याचं मुद्दाम टाळलं. भांडं भरलं की मशीन आपोआप बंद पडतं, आणि तू तर सकाळपर्यंत आत जाणार नाहीस. याला नळी आहे, ती मोरीत सोड. बटण फिरवायचं घेतलंय, वीज जाऊन आली तर ते पुन्हा आपलं आपण सुरू होतं. छोटा पंखाही लाव, गड्ड्यांच्या मधून वारा फिरला पाहिजे. मशीन घुरघुरेल, घाबरू नकोस.

आशीर्वाद कायम असावा.

ठिणगी


दि. २५ मार्च

चि. ठिणगी हिस,

अ. उ. आ.

बाई चोवीसला यायच्या, त्या तेवीसलाच आल्या! कँटीनची पाळी संपवून, संध्याकाळी सात वाजता. दिवे सहालाच मालवले होते. दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, उघडा, एक गड्डा तोडून पाहते. माझ्या हातात किल्ली, मागे तुझी वहिनी, आणि बाबा डोळ्यांसमोर. मी सांगून टाकलं की रोपं झोपली आहेत, सकाळी सहाला यावं. वहिनीने कपाळावर हात मारल्याचा आवाज मला ऐकू आला.

बाईंनी दाराला कान लावला आणि विचारलं की आत घोरतंय कोण. मी म्हटलं, धाकट्या बहिणीने पाठवलेलं मशीन. तेव्हा कुठे हसल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं भाजी घेतेय, माल झोपलाय असं सांगणारा पहिलाच भेटला.

आणि सकाळी सहाला खरंच आल्या! दिवे लावले. एका पानावर थेंब नाही. त्यांनी मधला गड्डा उचलला, पानं फाकवून बुडाशी बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं. मग उभ्या उभ्या अख्खं पान खाल्लं. माझा जीव त्यांच्या दातांत अडकला होता. त्यांनी विचारलं, तीसऐवजी रोज पन्नास द्याल का. मी मनात मांडण्या मोजत होतो, तोवर मागून वहिनीने देऊ म्हणून सांगूनही टाकलं.

वरचे वीस कुठे लावायचे, ते तिने मला अजून सांगितलेलं नाही. पण आज सकाळपासून पुढच्या खोलीतलं कपाट हलवतेय आणि मला तिथे फिरकू देत नाही. तेव्हा बये, आणखी एक ट्रंक तयार ठेव.

अशीच ओरडत राहा, त्यातच तुझी माया आहे.

तुझा दादा